रॉकी लिनक्सवर सुपरवायझरची मूळ कॉन्फिग फाइल नेमकी कुठे असते? कॉन्फ.डी फोल्डरच दिसत नाही

नवा_सर्व्हर विचारतात:

उबुंटू २२.०४ वरचं एक लारावेल (पीएचपी फ्रेमवर्क) ॲप रॉकी लिनक्स ९ वर हलवायचं काम चालू आहे. क्यूचे वर्कर (मागे राहून कामं उरकणाऱ्या प्रोसेस) सुपरवायझरखाली चालतात, म्हणजे त्या चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामखाली. उबुंटूवर /ईटीसी/सुपरवायझर/कॉन्फ.डी/ मध्ये लारावेल-वर्कर.कॉन्फ ठेवली की झालं, एवढाच हिशोब होता. रॉकीवर आधी एपेल ही जादा पॅकेजची रिपॉझिटरी चालू करून डीएनएफ या पॅकेज मॅनेजरने सुपरवायझर टाकला. इन्स्टॉल नीट झाला, सर्व्हिस हिरवी दिसते, पण /ईटीसी/सुपरवायझर हे फोल्डरच नाही. म्हणून हाताने फोल्डर बनवलं, आत कॉन्फ.डी बनवलं, जुनी फाइल तिथे टाकली. त्यानंतर

सुपरवायझरसीटीएल रीरीड

दिलं तर उत्तर येतं: «नो कॉन्फिग अपडेट्स टू प्रोसेसेस».

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. होम फोल्डरमधून सुपरवायझरसीटीएल स्टेटस दिलं तर काही तक्रार नाही. तीच कमांड प्रोजेक्टच्या फोल्डरमधून, म्हणजे /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/ॲप मधून दिली, तर «युनिक्स:///टीएमपी/सुपरवायझर.सॉक नो सच फाइल». सर्व्हर तोच, युजर तोच, मग फोल्डर बदलला की उत्तर का बदलावं?

तीन गोष्टी कळायला हव्यात. मूळ फाइल कुठे असते, चालू असलेला सुपरवायझर नक्की कुठली फाइल वाचतोय हे कसं ओळखायचं, आणि त्या फाइलीत कोणी हात घातला असेल तर कोरी प्रत कुठून मिळवायची.

---

डेमनपंत

थेट उत्तर आधी. एपेलच्या पॅकेजमध्ये मुख्य फाइल आहे

/ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ

आणि आपल्या प्रोग्रामच्या फाइली जातात

/ईटीसी/सुपरवायझरडी.डी/

या फोल्डरमध्ये. तिथे फक्त .आयएनआय शेपटाच्या फाइली उचलल्या जातात. .कॉन्फ ठेवली तर कुठलीही तक्रार न करता ती वगळली जाते. तेव्हा लारावेल-वर्कर.कॉन्फ तिथे हलवा आणि नाव लारावेल-वर्कर.आयएनआय करा. आतला मजकूर तोच चालतो, शेपूट बदललं म्हणून फॉरमॅट बदलत नाही.

हे असं का, ते सुपरवायझरडी.कॉन्फच्या अगदी तळाशी दिसेल. चौकटी कंसातला इन्क्लूड नावाचा विभाग आणि त्याखाली फाइल्स = अशी ओळ. कुठलं फोल्डर आणि कुठलं शेपूट हे ती ओळ ठरवते, सुपरवायझर स्वतः ठरवत नाही. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजने तिथे /ईटीसी/सुपरवायझर/कॉन्फ.डी/*.कॉन्फ लिहिलंय, एपेलने सुपरवायझरडी.डी/*.आयएनआय. लारावेलच्या कागदपत्रांत कॉन्फ.डी असतं कारण तिथे उबुंटू गृहीत धरलंय. तोच मजकूर वाचून लोक रॉकीवर आणि अल्मावर फोल्डर शोधत बसतात.

त्या ओळीबद्दल दोन बारकावे. सापेक्ष पत्ता दिला असेल तर तो मुख्य फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजला जातो, तुम्ही टर्मिनलमध्ये कुठे उभे आहात तिथून नाही. आणि इन्क्लूड केलेल्या फाइलीच्या आत पुन्हा इन्क्लूड लिहून चालत नाही, ते वाचलंच जात नाही.

आता फोल्डर बदलल्यावर उत्तर बदलण्याची गोष्ट. -सी देऊन फाइलचा पत्ता सांगितला नाही, तर सुपरवायझरडी (मागे चालणारा मुख्य प्रोग्राम, म्हणजे डेमन) आणि सुपरवायझरसीटीएल (त्याला हुकूम देणारी कमांड) दोघेही ठरलेल्या क्रमाने फाइल शोधतात:

१. एक्झिक्युटेबल जिथे आहे त्याच्या एक पायरी वर जाऊन ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ
२. एक पायरी वर थेट सुपरवायझरडी.कॉन्फ
३. तुम्ही सध्या ज्या फोल्डरमध्ये आहात तिथली सुपरवायझरडी.कॉन्फ
४. त्याच फोल्डरमधल्या ईटीसी/ मधली सुपरवायझरडी.कॉन्फ
५. /ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ
६. /ईटीसी/सुपरवायझर/सुपरवायझरडी.कॉन्फ

पहिली जी सापडेल ती घेतली जाते आणि शोध तिथेच संपतो. सगळ्या फाइली एकत्र करून वाचणं वगैरे प्रकार नाही. सहावा पत्ता मूळ सुपरवायझरमध्ये ३.३.० पासून आला. त्याआधी डेबियन आणि उबुंटू आपल्या पॅकेजमध्ये तो स्वतःचा पॅच लावून घालत असत.

तिसरी ओळ पाहा. तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सुपरवायझरडी.कॉन्फ नावाची फाइल पडलेली असणार, बहुधा कोणीतरी डॉकरसाठी गिटमध्ये टाकलेली. तिथून सुपरवायझरसीटीएल चालवलं की /ईटीसीपर्यंत पोचायच्या आधीच ती सापडते. त्या फाइलीत सॉकेटचा (हे दोघे ज्या फाइलीतून बोलतात तिचा) पत्ता /टीएमपी/सुपरवायझर.सॉक आहे, जो नमुना फाइलीतून जसाच्या तसा आलेला असतो. खऱ्या सुपरवायझरडीने सॉकेट दुसरीकडे उघडलंय. म्हणून «नो सच फाइल». सुपरवायझर बंद नाही, तुम्ही चुकीचं दार ठोठावताय.

यावर उपाय एकच, आणि तो सवयीचा भाग व्हायला हवा:

सुडो सुपरवायझरसीटीएल -सी /ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ स्टेटस

डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये तर -सी शिवाय लिहूच नका. स्क्रिप्ट आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सीडी करते आणि मग सुपरवायझरसीटीएल चालवते. म्हणजे नेमका हाच सापळा.

---

शेलस्क्रिप्ट

वरच्या उत्तरात भर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापुरती. «मूळ फाइल कुठे असते» आणि «चालू प्रोसेस कुठली फाइल वाचते» हे वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर कागदपत्रांत शोधू नका, प्रोसेसलाच विचारा.

आधी सर्व्हिस कशी सुरू होते ते बघा:

सिस्टमसीटीएल कॅट सुपरवायझरडी

उबुंटूवर सर्व्हिसचं नाव नुसतं सुपरवायझर आहे, शेवटी डी नाही. रॉकीवर डी आहे. अर्ध्या «युनिट सापडत नाही» तक्रारी इथेच संपतात. जे छापून येईल त्यात एक्झेकस्टार्टची ओळ वाचा. एपेलच्या युनिटमध्ये -सी /ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ स्पष्ट लिहिलेलं आहे, उबुंटूच्या युनिटमध्ये -सी /ईटीसी/सुपरवायझर/सुपरवायझरडी.कॉन्फ. म्हणजे सिस्टमडीने (सर्व्हिस सुरू करणाऱ्या व्यवस्थेने) सुरू केलेल्या सुपरवायझरडीला वरची सहा पायऱ्यांची शोधाशोध लागूच होत नाही. त्यामुळे काही ठिकाणी जो सल्ला मिळतो, की उबुंटूची अख्खी /ईटीसी/सुपरवायझर रॉकीवर कॉपी करा, तो निरुपयोगी आहे. युनिट तिकडे बघतच नाही.

सिस्टमडी सोडून हाताने किंवा क्रॉनमधून सुरू केला असेल तर:

सुपरवायझरसीटीएल पीआयडी

ही कमांड मुख्य सुपरवायझरडीचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देते. तो आकडा घेऊन /प्रोक/पीआयडी/सीएमडीलाइन वाचा. त्यात शब्दांमध्ये रिकाम्या जागेऐवजी शून्य बाइट असतो, म्हणून कॅट केल्यावर सगळं चिकटून दिसतं, गोंधळू नका. -सी नंतर जे असेल ती तुमची फाइल. -सी नसेलच, तर /प्रोक/पीआयडी/सीडब्ल्यूडी ही लिंक कुठे जाते ते बघा आणि तिथून डेमनपंतांच्या यादीतली तिसरी-चौथी पायरी तपासा. मुख्य फाइलीत डिरेक्टरी= दिलं असेल तर मात्र सुपरवायझरडी सुरू झाल्यावर तिकडे गेलेला असतो, मग सीडब्ल्यूडीवर विसंबू नका.

सुपरवायझरसीटीएलच सॉकेट सापडत नाही म्हणत असेल तर पीआयडीही सांगणार नाही. अशा वेळी पीजीरेपला -ए आणि -एफ देऊन सुपरवायझरडी शोधा, तो पूर्ण कमांड दाखवतो.

कुठल्या जोडफाइली खरोखर वाचल्या गेल्या, हे मुख्य लॉगमध्ये असतं. एपेल आणि उबुंटू दोन्हीकडे /व्हार/लॉग/सुपरवायझर/सुपरवायझरडी.लॉग. सुरू होताना प्रत्येक फाइलीसाठी «इन्क्लुडेड एक्स्ट्रा फाइल ... ड्युरिंग पार्सिंग» अशी ओळ पडते, पूर्ण पत्त्यासकट. तुमच्या फाइलीचं नाव त्या ओळींत नसेल तर आतल्या मजकुरावर वेळ घालवू नका, पत्ता किंवा शेपूट चुकलंय.

आणखी एक समजून घ्या. सुपरवायझरसीटीएल स्वतःची कॉन्फिग फाइल वाचतो ती फक्त सॉकेटचा पत्ता आणि लागलाच तर पासवर्ड मिळवायला. रीरीड म्हटल्यावर फाइली पुन्हा वाचतो तो सुपरवायझरडी, आणि तो स्वतःला सुरुवातीला दिलेलीच मुख्य फाइल वाचतो. सुपरवायझरसीटीएलला -सी देऊन वेगळी फाइल दाखवली म्हणून डेमन ती वाचायला लागत नाही.

---

रात्रपाळी

पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) टाकलेल्या सुपरवायझरबद्दल कोणी बोललं नाही. त्यात मूळ कॉन्फिग फाइल नसतेच. पिप कोड टाकतं, /ईटीसीला हात लावत नाही, सर्व्हिसची युनिट फाइलही देत नाही. नमुना हवा असेल तर इको_सुपरवायझरडी_कॉन्फ ही कमांड सोबत येते. ती नमुना फाइल पडद्यावर छापते, आपण ती हव्या त्या पत्त्यावर वळवून घ्यायची.

सुडोबरोबर वळवताना नेहमीचा घोटाळा: सुडो इको_सुपरवायझरडी_कॉन्फ आणि पुढे > /ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ असं दिलं तर «परमिशन डिनाइड» येतं, कारण वळवण्याचं काम तुमचा शेल करतो, सुडो नाही. पाइप करून सुडोसकट टी (टीईई) या कमांडला द्या.

त्या नमुन्यात सॉकेट, लॉग आणि पीआयडी फाइल तिन्ही /टीएमपी मध्ये आहेत. नमुन्याच्या सुरुवातीच्या टिपेतच इशारा आहे की काही सिस्टिम /टीएमपी मधल्या जुन्या फाइली साफ करतात, आणि सॉकेट उडालं की सुपरवायझरसीटीएल जोडता येत नाही. खऱ्या सर्व्हरवर तिन्ही बदला. सॉकेट आणि पीआयडी /रन खाली, लॉग /व्हार/लॉग खाली. स्वतः युनिट फाइल लिहिलीत आणि तिच्यात प्रायव्हेटटीएमपी चालू ठेवलंत, तर सर्व्हिसची /टीएमपी आणि तुमच्या शेलची /टीएमपी वेगळ्या होतात. सॉकेट असूनही दिसणार नाही.

त्याच नमुन्यात इन्क्लूडचा विभाग अर्धविरामाने कॉमेंट केलेला आहे. लोक घाईत फक्त फाइल्स = ची कॉमेंट काढतात आणि वरची [इन्क्लूड] ओळ तशीच ठेवतात. मग ती फाइल्स ओळ आधीच्या विभागात जाऊन पडते आणि बिनबोभाट दुर्लक्षित होते. एररही नाही, काही नाही.

पिपने /यूएसआर/लोकल/बिनमध्ये आलेल्या सुपरवायझरसाठी शोधयादीतली पहिली जागा होते /यूएसआर/लोकल/ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ. कोणी कधीतरी तिथे फाइल ठेवून विसरला असेल तर ती /ईटीसीमधल्या फाइलीवर मात करते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असेल तर तिच्याच ईटीसी/ मध्ये. शोधयादी पाठ करायची गरज नाही: फाइल कुठेच सापडली नाही की एरर मेसेजमध्ये सुपरवायझर शोधलेले सगळे पत्ते कंसात छापतो, त्या मशीनवरच्या खऱ्या पत्त्यांसकट.

एकाच मशीनवर डीएनएफचा एक आणि पिपचा एक असे दोन आहेत का, हे टाइप -ए सुपरवायझरसीटीएलने कळतं. दोन ओळी आल्या तर एक काढून टाका. रॉकी ९ वर सुडोच्या सिक्युअर_पाथमध्ये (सुडो कमांड जिथे शोधतो त्या यादीत) /यूएसआर/लोकल/बिन नसतं, त्यामुळे सुडोशिवाय एक सुपरवायझरसीटीएल चालतो आणि सुडोसकट दुसराच, असंही घडतं.

---

नवा_सर्व्हर

खूप आभार सगळ्यांचे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये खरंच सुपरवायझरडी.कॉन्फ होती, डॉकरसाठीची. फाइल /ईटीसी/सुपरवायझरडी.डी/लारावेल-वर्कर.आयएनआय अशी ठेवली. आता रीरीड दिलं की

«एरर: कान्ट_रीरीड: इन्व्हॅलिड युजर नेम डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा इन सेक्शन प्रोग्राम:लारावेल-वर्कर»

असं येतं, पुढे फाइलचा पत्ताही देतो. फाइल सापडतेय हे तरी नक्की झालं. तात्पुरता युजर बदलून पाहिलं तर वर्कर चालू झाले, पण आर्टिसन क्यू:रिस्टार्ट दिल्यावर सगळे «एक्झिटेड» होऊन बसले, परत उठलेच नाहीत. जुन्या सर्व्हरवरून फक्त गरजेच्या ओळी घेतल्या होत्या: कमांड, युजर, नमप्रॉक्स (किती वर्कर), लॉग.

---

डेमनपंत

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा युजर डेबियनच्या घरचा. रॉकीवर तो नाही. तुमचं पीएचपी-एफपीएम ज्या युजरखाली चालतंय तोच इथे द्या, सहसा अपाचे, आणि एनजिनएक्ससाठी बदललं असेल तर एनजिनएक्स. दोन्हीकडे एकच युजर ठेवा, नाहीतर स्टोरेज/लॉग्ज मधल्या फाइली एकाच्या मालकीच्या होतील आणि दुसऱ्याला लिहिता येणार नाहीत. आणि सावधान: रीरीडला ही एरर आली तेव्हा जुने वर्कर चालूच राहतात, पण त्याच अवस्थेत मशीन रीबूट झालं तर सुपरवायझरडी उठणारच नाही. एका फाइलीतली चूक सगळ्या प्रोग्रामना आडवी येते.

«एक्झिटेड»चं कारण तुम्ही गाळलेल्या ओळींत आहे. ऑटोरिस्टार्ट लिहिलं नाही तर त्याची मूळ किंमत अनएक्स्पेक्टेड असते. म्हणजे एक्झिटकोड्समध्ये नसलेल्या कोडने प्रोसेस मेली तरच परत उठवायची. आणि एक्झिटकोड्सची मूळ किंमत ० आहे (४.० च्या आधी ०,२ होती). क्यू:रिस्टार्ट काय करतं, तर वर्करला हातातलं काम संपवून नीट बाहेर पडायला सांगतं. तो ० ने बाहेर पडतो. सुपरवायझरच्या दृष्टीने सगळं अपेक्षेप्रमाणे झालं, उठवायचं कशाला. --मॅक्स-टाइम दिलं असेल तर तीच गत, तासाभराने एकेक वर्कर शांतपणे संपेल. ऑटोरिस्टार्ट=ट्रू हवंच.

बाकी मूळ किमतीही एकदा बघून घ्या, कारण «डिफॉल्ट कुठे आहेत» याचा अर्धा भाग फाइलीत नसून प्रोग्रामच्या आत आहे. स्टार्टसेक्स १, स्टार्टरिट्राइज ३, स्टॉपसिग्नल टर्म, स्टॉपवेटसेक्स १०. हा शेवटचा आकडा क्यूसाठी घातक. स्टॉप दिल्यावर १० सेकंदांत वर्कर थांबला नाही तर त्याला किल बसतो, मग मध्यावरचं काम तुटतं. तुमच्या सर्वांत लांब जॉबला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त ठेवा. लारावेलच्या नमुन्यात ३६०० आहे.

नमप्रॉक्स एकापेक्षा जास्त असेल तर प्रोसेस_नेममध्ये %(प्रोसेस_नम) यायलाच हवं, नाहीतर फाइल नाकारली जाते. मग सगळे वर्कर एका गटात जातात आणि हाताने रिस्टार्ट करताना गटाच्या नावापुढे अपूर्णविराम आणि तारा द्यावा लागतो. तारा अवतरणचिन्हांत ठेवा, म्हणजे शेल त्याचा वेगळा अर्थ लावणार नाही.

कमांडमध्ये नुसतं पीएचपी न लिहिता पूर्ण पत्ता द्या. सुपरवायझर शेल चालवत नाही, तुमची बॅशआरसी वाचत नाही. रेमीच्या रिपॉझिटरीतून वेगळ्या कप्प्यातलं पीएचपी ८.२ टाकलं असेल तर ते /ऑप्ट/रेमी/पीएचपी८२/रूट/यूएसआर/बिन/पीएचपी इथे असतं, /यूएसआर/बिनमधलं पीएचपी दुसऱ्याच आवृत्तीचं असू शकतं.

फाइल बदलल्यावर क्रम: रीरीड, मग अपडेट. रीरीड फक्त फरक दाखवतो, लागू करत नाही. अपडेट ज्या गटात बदल झालाय तेवढाच पुन्हा सुरू करतो. नुसतं रिस्टार्ट दिलं तर प्रोसेस जुन्याच सेटिंगवर परत उठते. लोक तासन्‌तास «बदल लागूच होत नाही» म्हणत बसतात ते यामुळे. रीलोड मात्र अख्खा सुपरवायझरडी रिस्टार्ट करतो, सगळ्या प्रोग्रामसकट, भर दुपारी देऊ नका. पण सॉकेटचा पत्ता किंवा [सुपरवायझरडी] विभागातलं काही बदललं तर त्याला इलाज नाही, तिथे पूर्ण रिस्टार्टच लागतो.

---

शेलस्क्रिप्ट

एनजिनएक्सच्या सवयीने कोणी सुपरवायझरडी -टी देऊन फाइल तपासायला जाऊ नका. इथे -टी म्हणजे लॉगमधले रंगांचे कोड काढून टाकणे. नुसती फाइल तपासण्याचा पर्याय सुपरवायझरडीत नाही. -टी दिलंत तर तो सरळ दुसरा सुपरवायझरडी सुरू करायला जातो, आणि नशिबाने सॉकेट आधीच व्यापलेलं असल्यामुळे «अनदर प्रोग्राम इज ऑलरेडी लिसनिंग» म्हणून थांबतो. सॉकेटचा पत्ता वेगळा असलेली फाइल हाती लागली तर थांबणारही नाही, आणि सगळे वर्कर दुप्पट होतील. चालू डेमनवर रीरीड हीच खरी तपासणी: चूक असेल तर कान्ट_रीरीड येतं, चालू प्रोसेसना धक्का लागत नाही.

अजून एक. जुन्या फाइलीची प्रत त्याच फोल्डरमध्ये वर्कर-जुनी.आयएनआय अशी ठेवू नका. आत [प्रोग्राम:...] चं नाव तेच असेल तर सुपरवायझर भांडत नाही, दोन्ही एकत्र मिसळतो. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, नंतरच्या फाइलीतली किंमत आधीची पुसते, पण जी ओळ फक्त जुन्या फाइलीत आहे ती तशीच राहते. नव्या फाइलीत एन्व्हायर्नमेंट काढून टाकलंत तरी ते कुठून येतंय हे मग कळत नाही. प्रत ठेवायचीच तर शेवटी .बॅक लावा, मग ती *.आयएनआय मध्ये बसत नाही.

एन्व्हायर्नमेंटमध्ये पासवर्ड देताना त्यात % असेल तर तो दोनदा लिहा. एक % दिसला की सुपरवायझर तिथे स्वतःचं व्हेरिएबल सुरू झालं असं समजतो आणि फाइलच नाकारतो.

---

कोकणकडा

मला एक सुचवायचंय. दोन्ही प्रकारचे सर्व्हर सांभाळायचे असतील तर रॉकीवर इन्क्लूडच्या ओळीतच दोन पत्ते द्यावेत, मध्ये रिकामी जागा सोडून: सुपरवायझरडी.डी/*.आयएनआय आणि पुढे /ईटीसी/सुपरवायझर/कॉन्फ.डी/*.कॉन्फ. सुपरवायझर ते मान्य करतो. डिप्लॉयची स्क्रिप्ट मग सगळीकडे एकच.

---

डेमनपंत

चालेल, पण माझं मत विरुद्ध आहे. मुख्य फाइल बदलली की पुढच्या पॅकेज अपडेटला तुमची फाइल तशीच राहते आणि नवी प्रत शेजारी .आरपीएमन्यू म्हणून पडते. ती कोणी उघडून बघत नाही. शिवाय नवा माणूस दोन फोल्डर बघून कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचं म्हणून थबकतो. स्क्रिप्टमध्ये पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवणं स्वस्त पडतं. अन्सिबल (सर्व्हर सेटअपचं साधन) वापरत असाल तर ओएस फॅमिलीनुसार दोन ओळी लिहा, संपला विषय.

---

रात्रपाळी

कोऱ्या प्रतीचा तिसरा प्रश्न राहिलाच. रॉकीवर आधी बघा की मूळ फाइलीत बदल झालाय का:

आरपीएम -व्ही (मोठा व्ही) सुपरवायझर

/ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फच्या ओळीत ५ आकडा दिसला तर मजकूर बदललेला आहे. पॅकेजच्या कॉन्फिग फाइली कोणत्या, ते आरपीएम -क्यूसी सुपरवायझर सांगतं. कोरी प्रत हवी तर सध्याची फाइल दुसरीकडे हलवा आणि डीएनएफ रीइन्स्टॉल सुपरवायझर द्या. फाइल जागेवर नाही हे बघून तो नवी टाकतो. फाइल न हलवता रीइन्स्टॉल केलंत तर तुमची बदललेलीच तशी राहील.

उबुंटूवर हीच युक्ती उलटी पडते. तिथे फाइल उडवून रीइन्स्टॉल केलं तर डीपीकेजी समजतं की तुम्ही ती मुद्दाम काढली, आणि परत आणत नाही. एपीटीला डीपीकेजीचा --फोर्स-कॉन्फमिस पर्याय सांगून रीइन्स्टॉल करावं लागतं.

इको_सुपरवायझरडी_कॉन्फचा मजकूर ही पॅकेजची मूळ फाइल नव्हे, दोन्ही वेगळ्या. तो नमुना पॅकेजच्या फाइलीवर ओतला तर सॉकेट /टीएमपीत जातं, इन्क्लूड बंद होतं, आणि सगळे प्रोग्राम गायब.

प्रोजेक्टमधल्या त्या डॉकरच्या फाइलीचं नाव बदला, उदाहरणार्थ डॉकर/सुपरवायझर-कंटेनर.कॉन्फ, आणि डॉकरफाइलमध्ये -सी ने तोच पत्ता द्या. कंटेनरमध्ये -एन किंवा नोडेमन=ट्रू लागतं, नाहीतर सुपरवायझरडी मागे जातो आणि कंटेनर लगेच बंद होतो. लॉग /डेव्ह/एसटीडीआउटला पाठवत असाल तर stdout च्या लॉगफाइलचं मॅक्सबाइट्स ० करा. मूळ किंमत ५० एमबी आहे, म्हणजे लॉग भरला की फाइल फिरवायची (जुनी बाजूला, नवी सुरू) तयारी, आणि पाइप फिरवता येत नाही म्हणून «इल्लीगल सीक» येतं. इमेज अल्पाइनची असेल तर तिथे तिसरीच रीत: मुख्य फाइल /ईटीसी/सुपरवायझरडी.कॉन्फ, पण जोडफाइली /ईटीसी/सुपरवायझर.डी/*.आयएनआय. रॉकीच्या नावात डी दोनदा, अल्पाइनच्या एकदा. मॅकवर होमब्रूने टाकला असेल तर ॲपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रू/ईटीसी/ खाली बघा.

---

कोकणकडा

डेमनपंत, आरपीएमन्यूचा मुद्दा पटला. नवा_सर्व्हर, त्या डॉकरच्या फाइलीत इनेट_एचटीटीपी_सर्व्हर (सुपरवायझरचं नेटवर्कवरचं दार) चालू आहे का तेही बघून घ्या. पोर्ट=*:९००१ लिहिलेलं असेल आणि पासवर्ड नसेल तर बाहेरून कोणीही वर्कर बंद-चालू करू शकतो. ३.३.३ च्या आधीच्या आवृत्त्यांत तर त्याच दारातून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येत होती. लागत नसेल तर तो विभागच काढा, लागत असेल तर १२७.०.०.१:९००१.